टोपलीत चेंडू कसा टाकावा?

बास्केटबॉलचा चेंडू टाकण्याची खरी रीत कोणती, या विषयाचे आमच्या मानपाड्यात अलीकडे बरेच पंडित झाले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे वय बारा-तेरा आहे. घोडबंदर रस्त्याकाठी येऊरच्या डोंगराला पाठ देऊन जी उंच गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्या आवारात मोटारींना जागा देऊन उरलेल्या तुकड्यावर एक खांब, एक फळा आणि एक लोखंडी कडे असते. संध्याकाळी मुले तिथे उड्या मारतात आणि एकमेकांची कोपरे तपासतात. कोपर चेंडूच्या खाली हवे, डावा हात नुसता आधाराला, उडीच्या माथ्यावर चेंडू सुटला पाहिजे आणि शेवटी मनगट पुढे लवले पाहिजे. मी मराठीचा मास्तर. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम इतक्या श्रद्धेने पाळणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

हे नियम केले कुणी, हे पाहू गेल्यास मात्र मौज वाटते. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकून हा खेळ मांडला, तेव्हा या उडीचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. पुढे कित्येक वर्षे खेळाडू पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी, छातीपासून चेंडू ढकलीत. हीच शिष्टसंमत फेक. 30 डिसेंबर 1936 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डच्या हँक लुइसेट्टीने धावता धावता एका हाताने चेंडू टाकून दाखवला आणि लागोपाठ 43 सामने जिंकत आलेला लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ 45–31 असा हरला. न्यूयॉर्कचे नामवंत प्रशिक्षक नॅट होल्मन यांना ही एकहाती फेक म्हणजे निव्वळ अधर्म वाटे. आपल्या मुलांना असले शिकवायची वेळ आली तर आपण शिकवणेच सोडू, असे ते म्हणत. आमच्या व्यवसायात अशा प्रतिज्ञा पुष्कळ होतात.

उडीची कथा याहून घरगुती आहे. वायोमिंगच्या माळावर एका शेतावर दोन भाऊ राहत. थोरला बड चांगला साडेसहा फुटांच्या घरात, धाकटा केनी सेलर्स त्याच्यापुढे अगदीच बुटका. पवनचक्कीच्या सांगाड्याला कडे ठोकलेले. धाकट्याने चेंडू उचलला की थोरल्याचा हात आडवा. 1934 च्या सुमारास एके दिवशी केनीने काय केले, तर चेंडू घेऊन सरळ वर उडाला आणि भावाच्या हातावरून एका हाताने टाकला. कुणी शिकवले नव्हते. थोरल्या भावाचा जाच हाच त्याचा गुरू. अशी उडी मारणारे इतरही काही जण त्या काळात होते, आणि पहिला मान कुणाचा यावर अमेरिकेत अजून वाद चालतो. धाकटी भावंडे सगळीकडेच असतात, तेव्हा मला त्यात नवल वाटत नाही. पण 1943 साली याच केनीने वायोमिंग विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, आणि 1946 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याचा हवेतला फोटो छापला, तेव्हा ती उडी देशभर पोचली.

आपल्याकडे हा खेळ आणला वाय. एम. सी. ए. वाल्यांनी. 1920 मध्ये मद्रासला हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत त्याने मूळ धरले ते नागपाड्याच्या दाट वस्तीत. भारताचा कर्णधार झालेला आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतला.

शास्त्र या बाबतीत फारसे हट्टी नाही. कड्याचा व्यास 18 इंच, चेंडूचा साधारण साडेनऊ. चेंडू 45 अंशांनी उतरला तर त्याला जेमतेम पावणेतेरा इंचांची वाट मिळते. 30 अंशांनी आला तर उरतात 9 इंच, म्हणजे कड्याला न लागता तो आत जाणेच शक्य नाही. तेव्हा चेंडू उंच चढून उतरावा एवढीच त्याची अट. तो कमरेपासून चढवा की कपाळापासून, एका हाताने की दोन, याबद्दल भूमिती मूग गिळून बसते. जपानात मुलींना दोन हातांची फेक शिकवण्याची रीत फार काळ टिकली, ती काय भूमिती न कळल्यामुळे?

आमच्या शाळेत सहावीतली एक काटकुळी मुलगी कमरेजवळून दोन्ही हातांनी चेंडू भिरकावी, आणि पाचांतले तीन आत जात. बायकांचा चेंडू 2004 पासून जगभर जरा लहान झाला आहे, पण कडे दहा फुटांवरच आहे. तिच्या दंडात जेवढे बळ, तेवढ्याची तिने सोय लावली होती. क्रीडाशिक्षकांनी तिचा डावा हात सोडवला. मी मध्ये पडलो तर म्हणाले, “सर, एकदा हात बसला की बसला. पुढे काही करता येत नाही.” तीन आठवडे तिचा एकही चेंडू कड्यापर्यंत पोचला नाही. आता ती खो-खोला जाते.

क्रीडाशिक्षकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. आज मुले ज्याच्या फेकीची नक्कल करतात तो स्टीफन करी शाळेत असताना चेंडू खालूनच टाकी. वडील डेल स्वतः व्यावसायिक खेळाडू. पुढे उंच मुले समोर आली की हा चेंडू अडेल, हे त्यांनी ओळखले आणि एका उन्हाळ्यात मुलाची फेक मोडून डोक्याच्या वर नेली. महिनाभर त्याला जवळूनसुद्धा टोपली साधेना. पोरगा रडत असे. फरक इतकाच, की ते कशासाठी चालले आहे हे त्या पोराला सांगितलेले होते.

आणि तयार झालेली ती फेकही पुस्तकातली नव्हेच. जुना कसबी खेळाडू उडीच्या माथ्यावर क्षणभर थबके. त्यामुळे समोरच्याचा हात चुकतो. करी थबकत नाही. चढता चढताच चेंडू सोडतो, गुडघ्यातला जोर थेट बोटांपर्यंत येतो. एकाने उंची घेतली, दुसऱ्याने वेग आणि लांबचा पल्ला. अमेरिकेतील व्यावसायिक खेळात 1979 पासून आणि आंतरराष्ट्रीय खेळात 1984 पासून दूरच्या रेषेबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळू लागले, तेव्हा हा पल्ला मोलाचा झाला. मानपाड्यातली मुले भ्रमणध्वनीवर करी पाहतात आणि नियम मात्र थबकणाऱ्यांचे पाठ म्हणतात. 14 डिसेंबर 2021 रोजी अशा तीन गुणांच्या फेकींचा आजवरचा विक्रम करीने मोडला तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच. लुइसेट्टीच्या वेळची इमारत मात्र केव्हाच पाडून झाली होती.