‘झळाळी’ म्हणजे काय? मथळ्यातला अर्थ, मालावरचा अर्थ

आखाडा बाळापूर : ‘सोन्याला झळाळी’, ‘हळदीला पुन्हा झळाळी’ असे मथळे आपण नेहमी वाचतो. कळमनुरी, वसमत, हिंगोली हा तर हळदीचा पट्टा. इथे असा मथळा दिसला की घरात विषय निघतोच, माल काढायचा की ठेवायचा? म्हणूनच हा शब्द नीट समजून घेतलेला बरा.

मूळ अर्थ
झळाळी म्हणजे तेजस्वी चमक. शब्द स्त्रीलिंगी आहे. झळाळी येते, चढते, मिळते. घासलेल्या पितळी समईला झळाळी येते, सोन्याला पॉलिश केलं की झळाळी चढते.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ
उजेड म्हणजे ज्यात दिसतं तो प्रकाश. लाईट गेली की उजेड जातो, झळाळी नाही. झगमगाट पुष्कळ दिव्यांचा, दिवाळीतला किंवा लग्नमंडपातला. लखलखाट विजेचा किंवा घासलेल्या भांड्यांचा. चकाकी गुळगुळीत वस्तूची. तेज माणसाच्या चेहऱ्यावरचं.

झळकणे आणि झळ
‘गुणवत्ता यादीत नाव झळकले’, ‘चौकात बॅनर झळकले’ यातलं झळकणे म्हणजे उठून दिसणे. झळ मात्र चटका देते. ‘उन्हाची लई झळ लागायली’ असं आपण बोलतो. पाणीटंचाईच्या झळा, महागाईची झळ हे बातम्यांतले नेहमीचे प्रयोग. झळचं अनेकवचन झळा. दिव्याजवळ बसलं तर उजेडही मिळतो आणि चटकाही बसतो, तसंच या शब्दांचं आहे.

हळदीची झळाळी दोन प्रकारची
पहिली मालावरची. काढणीनंतर हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. वरची खरबरीत साल घासली जाते आणि कांडी चमकते. दिसायला माल चांगला होतो, बोलीही चढू शकते. पण साल गेल्यामुळे वजनात थोडी घट येते. शिवाय पॉलिशने हळदीतलं कुरकुमिन वाढत नाही. ते वाण, जमीन आणि शिजवण्या-वाळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं.

दुसरी झळाळी भावाची. मथळ्यात बहुतेक वेळा हीच असते. ‘हळदीला झळाळी’ म्हणजे दर वाढले, एवढंच. किती वाढले, कुठे वाढले, कोणत्या मालाला वाढले, हे त्या शब्दात नसतं.

मथळा वाचल्यावर काय पाहावं?
बाजार समितीच्या दरपत्रकात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. कमाल दर त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या मालाला मिळालेला असतो, कधी कधी मोजक्याच पोत्यांना. आपल्या मालाचा अंदाज सर्वसाधारण दरावरून घ्यावा. कांडी आणि गट्टूचे दर वेगळे असतात, ओलावा जास्त असला तर भाव कमी लागतो. दर हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातला आहे, वसमतचा आहे की सांगलीचा, हेही बघा. लांबच्या बाजाराचा दर वाचताना वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा करावी लागते.

आणखी एक गोष्ट. सोसायटीचं कर्ज, लग्न, पुढची लागवड यासाठी ज्याने माल निघाल्या-निघाल्या विकला, त्याच्या घरी नंतरची झळाळी पोचत नाही. खत-मजुरीची झळ मात्र त्याला बसलेलीच असते. म्हणून मथळ्यात झळाळी दिसली, तर गाडी भरण्याआधी खालचा आकडा वाचा.