एक लाखाचा चरखा आणि बाबांचा लॅपटॉप

"काहून रे, इंटरनेट लागूनच नाही राहिलं!"

वर्ध्याहून बाबांचा फोन. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून आलो. तेही असंतसं नाही, मुक्त नसलेली एक ओळही आत न घेणारं, एकदम सोवळ्यातलं! वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, म्हणून ते त्यात नव्हतंच. मी केबल लावून सगळं केलं आणि ती केबल माझ्याच बॅगेतून पुण्याला आली :)

फोनवर मी स्वातंत्र्यावर भाषण ठोकलं. सोर्स कोड खुला आहे, बदला, वाटा वगैरे. बाबा म्हणाले, "ते ठीक आहे. पण वीजबिल कसं भरू?"

पुढच्या खेपेला एका रविवारी मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात गेलो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेलं हे संग्रहालय. शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतंच. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहताना एक जुनी स्पर्धा आठवली.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी अशा : चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. बाईला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावं आणि तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. टिकावा २० वर्षं, दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. शिवाय पेटंट खुशाल घ्या, पण बक्षीस हवं असेल तर ते संघाच्या नावावर करा. स्टॉलमनची जीपीएल आली १९८९ मध्ये, म्हणजे बरोबर ६० वर्षांनी.

पेटंटची अट पाहून आमची जमात खूश होणार. मी मात्र अडकलो त्या आठ तास बसणाऱ्या बाईपाशी. आमच्यात वापरायला सोपं करणं म्हणजे तत्त्वाला घातलेली मुरड. इथे तिची सोय, पेटंट आणि स्वस्त दुरुस्ती एकाच यादीत!

बक्षीस कोणालाच मिळालं नाही. किर्लोस्करांच्या कारखान्यात बनलेलं यंत्रही नापास झालं. अटीच एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या. वेग हवा तर यंत्र गुंतागुंतीचं होतं, आणि गुंतागुंतीचं यंत्र गावच्या सुताराच्या हाताबाहेर जातं. पुढे तमिळनाडूतल्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला, पन्नाशीच्या दशकात सरकारने तो उचलून धरला. चार चात्या, गिरणीतल्यासारखी रिंग, सूत कितीतरी जास्त. पण त्याचे धातूचे भाग सुतार कुठून घडवणार?

डेबियनच्या मंडळींनी २०२२ मध्ये मतदान करून असाच सौदा केला. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येऊ लागलं. काय घातलंय ते वापरणाऱ्याला सांगायचं, नको असेल तर बंद करायची सोय ठेवायची. तेव्हा मी जाम चिडलो होतो. आता वाटतं, ठीकच केलं. वायफायच नसेल तर बाबा त्या खुल्या कोडपर्यंत पोचणार कसे?

पण सुताराचा प्रश्न उरतोच. बाबांच्या दृष्टीने सोर्स कोड खुला असून दुरुस्ती पुण्यात होत असेल तर काय उपयोग!

असो. डेबियन टाकलं, वायफाय चाललं. निघण्याआधी गल्लीच्या कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराला पेनड्राइव्ह दिला, दोनदा इन्स्टॉल करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतः केलं, मी नुसता चहा पीत बसलो.

मागच्या महिन्यात बाबांचा प्रिंटर बंद पडला होता म्हणे. मला कळलं आठ दिवसांनी, तेही आईकडून.