कोमट डांबराचे कूळ

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात डांबरीकरणाची खडी काळ्या बेसॉल्टची असते. प्लांटच्या फिरत्या ड्रममध्ये ती ज्वाळेवर वाळवून, तापवून आणि डांबरात घोळवून साधारण 150 ते 165 अंश सेल्सिअसला बाहेर काढली जाते, कारण त्याहून थंड डांबर घट्ट राहून खडीवर नीट चढत नाही आणि रोलरखाली मालही पुरता दबत नाही. अकोले तालुक्यातील घाटमाथ्यासारख्या दूरच्या कामावर माल निवण्याचे भय असल्याने तो जास्तच तापवण्याचा मोह होतो. त्यात इंधन तर जळतेच, शिवाय डांबर करपून ठिसूळ होते.

हे तापमान 20 ते 40 अंशांनी उतरवणाऱ्या तंत्राला ‘वॉर्म मिक्स’ म्हणतात. त्यातील बहुतेक रसायने मुळात या कामासाठी जन्मलेलीच नाहीत, दुसऱ्या धंद्यांतून दत्तक आलेली आहेत. पहिली शाखा फेसाची. 1956 साली आयोवा राज्य विद्यापीठात लाडिस चान्यी यांनी तप्त डांबरात वाफ सोडून त्याचा फेस केला, तेव्हा फुगलेले डांबर कमी उष्णतेतही दगडावर पसरते हे दिसले. 1990च्या दशकात, डांबराच्या धुराचा कामगारांना होणारा त्रास आणि 1997चा क्योटो करार यांच्या रेट्याने, युरोपात या कल्पनेला झिओलाइटची जोड मिळाली. झिओलाइट ही सूक्ष्म छिद्रांत आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी धरणारी स्फटिकी भुकटी असून, तापल्यावर ती पाणी हळूहळू सोडते आणि डांबरात बारीक फेस टिकवते. एरवी तिचे काम धुण्याच्या पावडरीत जड पाणी मऊ करण्याचे.

दुसरी शाखा मेणाची, आणि तिचे कूळ याहून जुने आहे. फिशर आणि ट्रॉप्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1920च्या दशकात कोळशाच्या वायूपासून द्रव इंधन बनवले, दक्षिण आफ्रिकेच्या सासोल कंपनीने 1955पासून तीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली, आणि त्या प्रक्रियेत मिळणारे मेण पुढे डांबरात आले. ते 100 अंशांच्या आसपास वितळून डांबर पातळ करते आणि निवल्यावर गोठून त्याला ताठरपणा देते. तिसरी शाखा दगड आणि डांबर यांची पकड वाढवणाऱ्या पदार्थांची. पाण्याने डांबर खडीपासून सुटू नये म्हणून ते आधीपासून वापरात होते, त्यामुळे अकोल्यातल्याच घाटघर-रतनवाडीच्या धो-धो पावसात त्यांचे मोल दुहेरी ठरते. वडोदऱ्याच्या झायडेक्स कंपनीचे झायकोथर्म याच शाखेतले असून त्याची मात्रा डांबराच्या वजनाच्या जेमतेम 0.1 टक्का असते. भारतीय रस्ते काँग्रेसने 2014 साली ‘एसपी 101’ या पुस्तिकेत वॉर्म मिक्सची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

रसायनाचे कौतुक करताना मात्र ओल्या खडीचा हिशेब विसरला जातो. एक टन खडीचे तापमान 30 अंशांनी कमी ठेवल्यास सुमारे 27,000 किलोजूल उष्णता वाचते, तर त्याच खडीत एक टक्का ओल असेल तर ते 10 लिटर पाणी तापवून उडवण्यास जवळपास तितकीच खर्ची पडते. त्यामुळे प्लांटवर रसायनाचे पिंप येण्याआधी खडीच्या ढिगावर पत्र्याचे छप्पर यायला हवे.