युनिक्स सर्व्हर : मेमरी नेमकी कुठे मुरते?

मध्यरात्री सर्व्हर प्रतिसाद देईनासा होतो, कोणीतरी तो बंद करून पुन्हा सुरू करते, सकाळी सारे सुरळीत असते आणि आठ-दहा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. अनेक ठिकाणी ‘दर रविवारी पहाटे यंत्र आपोआप रीस्टार्ट करणे’ हाच या दुखण्यावरचा कायमचा उपचार होऊन बसतो. रीस्टार्टमुळे सेवा पूर्ववत होते हे खरे. परंतु मेमरी कोणाच्या ताब्यात अडकली होती याचा सारा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो.

मेमरी मागून घेतली आणि काम संपल्यावर परत केली नाही, की गळती सुरू होते. नेटवर्कशी संबंधित गळती शोधणे विशेष कठीण, कारण येणारी-जाणारी पॅकेट्स ज्या जागेत साठतात ती जागा प्रोग्रॅमच्या खात्यावर नसून कर्नेलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, खात्यावर असते. त्यामुळे ‘टॉप’ या आज्ञेच्या यादीत एकही प्रक्रिया अवाढव्य दिसत नाही, आणि तरीही मेमरी संपत आलेली असते.

अर्थात, मोकळी मेमरी कमी दिसणे म्हणजे गळती नव्हे. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या साठ्यासाठी वापरतो आणि गरज पडताच ती सोडतो. २०१४ साली आलेल्या कर्नेलच्या ३.१४ या आवृत्तीपासून ‘मेमअव्हेलेबल’ हा स्वतंत्र आकडा मिळतो. पाहायचा तो हाच. खरी कसोटी मात्र वेळेची आहे. दर तासाला आकडे नोंदवावेत आणि वर्दळ सर्वांत कमी असते त्या वेळचे, समजा पहाटे चारचे, आकडे रोज ताडून पाहावेत. वापरातील मेमरीचा हा तळाचा आकडा दिवसेंदिवस वर सरकत असेल तर गळती आहे. तो कुठेतरी स्थिरावत असेल तर बहुधा यंत्राला मेमरीच अपुरी आहे.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८३ साली बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये नेटवर्कच्या माहितीसाठी ‘एमबफ’ नावाचे १२८ बाइटचे छोटे कप्पे होते. आजच्या फ्रीबीएसडीतही ही रचना टिकून आहे. कप्पा २५६ बाइटचा झाला असून मोठ्या माहितीसाठी २,०४८ बाइटचे ‘क्लस्टर’ जोडले जातात. या क्लस्टरच्या संख्येला कमाल मर्यादा असते. ती गाठली की यंत्रासमोर बसून लॉगिन करता येते, डिस्क चालते, पण नेटवर्क मुके होते. अशा वेळी ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘एम’ या पर्यायासह द्यावी. वापरात किती, शिल्लक किती, मर्यादा किती आणि किती मागण्या नाकारल्या गेल्या, हे सारे तिथे दिसते.

इथे बहुतेक जण मर्यादा वाढवून मोकळे होतात. मर्यादा २५,६०० क्लस्टरची आणि गळती तासाला हजाराची असेल, तर यंत्र साधारण २५ तासांत अडेल. मर्यादा दुप्पट केली तर ५१ तासांत. वाढीव मर्यादा तपासासाठी उसंत देते, एवढाच तिचा उपयोग.

प्रत्यक्षात गुन्हेगार बहुधा कर्नेल नसतो, तर वरचा प्रोग्रॅम असतो, आणि त्याची खूण ‘क्लोज-वेट’ या अवस्थेत सापडते. समोरच्याने जोडणी संपवल्याचा ‘फिन’ संदेश पाठवला की आपला कर्नेल त्याची पोच देतो आणि प्रोग्रॅमने सॉकेट बंद करण्याची वाट पाहत राहतो. या वाट पाहण्याला टीसीपीने कालमर्यादा घातलेलीच नाही. प्रोग्रॅम विसरला तर जोडणी, तिची मेमरी आणि तिचा फाइल-क्रमांक प्रोग्रॅम चालू असेपर्यंत अडकून पडतात. ‘टाइम-वेट’ ही अवस्था याहून अगदी निराळी. लिनक्सवर ती ६० सेकंदांत आपोआप संपते. हजारो ‘टाइम-वेट’ पाहून घाबरणारे आणि त्यासाठी कर्नेलच्या मूल्यांशी खेळ करणारे प्रशासक पुष्कळ भेटतात. शेपाचशेच असलेल्या, पण रोज वाढत जाणाऱ्या ‘क्लोज-वेट’कडे मात्र त्यांचे लक्ष जात नाही.

लिनक्सवर ‘एसएस’ या आज्ञेने अशा जोडण्यांची यादी काढली की ‘रिसीव्ह-क्यू’चा रकाना नीट वाचावा. तिथे १ असेल तर फिन येऊन पडला आहे, पण प्रोग्रॅमने तो वाचलेलाच नाही. म्हणजे तो दुसरीकडे, बहुधा डेटाबेसच्या उत्तरासाठी, अडकला आहे. ० असेल तर जोडणी संपल्याचे त्याने वाचले आणि तरीही सॉकेट बंद केले नाही. चूक बहुधा त्रुटी हाताळणाऱ्या भागात असते, कारण नेहमीच्या मार्गावर सॉकेट बंद करायला सहसा कोणी विसरत नाही. हजारोंचे आकडे असतील तर न वाचलेली माहितीच मेमरी खात आहे. ‘सेंड-क्यू’ फुगलेला असेल, तर पलीकडचा ग्राहक माहिती उचलत नाही; ही गळती नव्हे, तुंबणे आहे, आणि त्याचा उपाय प्रोग्रॅममध्ये मुदत घालणे हा आहे.

एक सावधगिरीची सूचना : ‘प्रॉक’ निर्देशिकेच्या ‘नेट’ विभागातील ‘सॉकस्टॅट’ फाइलमध्ये टीसीपीपुढे दिलेला ‘मेम’चा आकडा बाइटमध्ये नसून पानांमध्ये असतो. पान सामान्यतः ४,०९६ बाइटचे. तिथला ५०,००० हा किरकोळ वाटणारा आकडा म्हणजे जवळजवळ २०० मेगाबाइट.

जोडण्यांची संख्या स्थिर आहे, रांगाही रिकाम्या आहेत, तरी कर्नेलची मेमरी वाढतेच आहे, असे दिसले तर संशय ड्रायव्हरवर किंवा फायरवॉलच्या मॉड्यूलवर घ्यावा. जेफ बॉनविक यांनी सोलॅरिससाठी रचलेल्या आणि १९९४ साली शोधनिबंधातून मांडलेल्या ‘स्लॅब’ पद्धतीचा इथे फायदा होतो : प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा साठा वेगळा असल्याने नेमके काय वाढते आहे ते नावानिशी कळते. लिनक्सवर ‘स्लॅबटॉप’ आज्ञा हेच दाखवते. ‘एसकेबफ’ने सुरू होणारी नावे पॅकेट्सची असतात. सोलॅरिसच्या ‘एमडीबी’ या साधनात तर ‘फाइंडलीक्स’ ही आज्ञाच आहे. तिच्यासाठी कर्नेलची तपासणी-चिन्हे आधीपासून चालू ठेवावी लागतात. लिनक्समध्ये २००९ साली, २.६.३१ या आवृत्तीत, ‘केमेमलीक’ आले. ही साधने यंत्राचा वेग कमी करतात. चालू सेवेवर ती न लावता तशाच दुसऱ्या यंत्रावर तोच भार देऊन लावावीत.

रीस्टार्ट अटळच असेल, तर त्याआधी दोन मिनिटे काढून जोडण्यांची अवस्थानिहाय यादी, सॉकस्टॅट, स्लॅबचे आकडे, प्रत्येक प्रक्रियेच्या उघड्या फायलींची संख्या आणि कर्नेलचा लॉग, हे सर्व डिस्कवरील एका फाइलीत वेळेसह साठवावे. तात्पुरत्या निर्देशिकेत ती ठेवू नये. काही प्रणालींवर रीस्टार्टच्या वेळी ती निर्देशिका रिकामी होते.