ज्वालाग्राही द्रवपदार्थांची गळती व आग : आपत्कालीन प्रतिसाद

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर, मिथेनॉल यांसारखे ज्वालाग्राही द्रवपदार्थ सांडल्यास किंवा पेटल्यास जीवितहानी टाळणे, आग आटोक्यात आणणे आणि जमीन व पाण्याचे प्रदूषण रोखणे यांसाठी आपत्कालीन प्रतिसाद दिला जातो. रस्त्यावरील अपघातात हा प्रतिसाद बहुधा घटनास्थळी असलेल्या लोकांपासून सुरू होतो. त्यामुळे सुरक्षित अंतर राखणे हा त्याचा पाया मानला जातो.

गुणधर्म व वर्गीकरण

अशा पदार्थांत प्रत्यक्ष द्रव नव्हे, तर त्यापासून निघणारी वाफ हवेत मिसळून पेट घेते. ज्या किमान तापमानाला पेटण्याइतकी वाफ तयार होते, त्यास प्रज्वलनबिंदू म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस असल्याने ते थंडीतही धोकादायक असते. भारतात पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार २३ अंशांखाली प्रज्वलनबिंदू असलेले पदार्थ ‘अ’ वर्गात मोडतात, तर २३ ते ६५ अंशांदरम्यानचे ‘ब’ वर्गात. पेट्रोल ‘अ’, तर डिझेल व रॉकेल ‘ब’ वर्गात येतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, नाल्यांत व खड्ड्यांत साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटून ज्वाला गळतीच्या जागेपर्यंत परत येऊ शकते.

चंद्रपूर जिल्ह्यातील संदर्भ

वर्धा नदीपलीकडील राजुरा तालुक्यातून बल्लारपूरहून तेलंगणाकडे जाणारा रस्ता जातो. परिसरातील कोळसा खाणी व शेजारच्या कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखाने यांमुळे येथे अवजड वाहतूक असते. जिल्ह्यातील बरेच रस्ते जंगलातून जातात. उन्हाळ्यात वाळलेल्या पालापाचोळ्यामुळे आग पसरण्याचा धोका वाढतो.

मे २०२२ मध्ये चंद्रपूर–मूल मार्गावर अजयपूरजवळ इंधनवाहू टँकर आणि लाकूड वाहून नेणारा ट्रक यांची रात्री समोरासमोर धडक झाली. दोन्ही वाहने पेटून नऊ जणांचा मृत्यू झाला. अग्निशमन दल सुमारे तासाभराने पोहोचले आणि आग आटोक्यात येण्यास आणखी काही तास लागले.

प्राथमिक कृती

* वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला व उंच जागी जावे. गळतीपासून सर्व बाजूंनी किमान ५० मीटर अंतर राखावे. टँकर आगीत सापडल्यास हे अंतर ८०० मीटर ठेवण्याची शिफारस उत्तर अमेरिकेतील आपत्कालीन मार्गदर्शिकेत आहे.
* दोन्ही बाजूंची वाहतूक दुरूनच थांबवावी. विडी-सिगारेट पेटवू नये, जवळची वाहने सुरू करू नयेत.
* ११२ किंवा १०१ या क्रमांकावर सुरक्षित अंतरावरून कळवावे. टँकरवरील फलकावरचा चार अंकी क्रमांक दुरून दिसत असल्यास तो सांगावा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल.
* सांडलेले इंधन गोळा करू नये. पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरमधील पेट्रोल भरून घेण्यासाठी गर्दी जमली असताना आग लागून २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

अग्निशमन

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर नुसते पाणी मारल्यास ते तरंगत दूर पसरते. म्हणून पेटत्या द्रवावर फेसाचा थर दिला जातो. हा थर वाफ कोंडून धरतो आणि हवेचा संपर्क तोडतो. इथेनॉल व मिथेनॉल साधा फेस मोडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी अल्कोहोलरोधक फेस लागतो. पाण्याचा उपयोग मुख्यतः टाकी थंड ठेवण्यासाठी होतो. टाकीतून येणारा आवाज वाढल्यास किंवा तिचा रंग पालटू लागल्यास स्फोटाची शक्यता ओळखून दल तत्काळ माघार घेते.

गळतीचे नियंत्रण

आग लागलेली नसेल तर प्रशिक्षित पथक माती किंवा वाळूचे बांध घालून द्रव नाल्यात व नदीत जाण्यापासून अडवते. उरलेले इंधन दुसऱ्या टँकरमध्ये घेताना स्थितिज विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही वाहने तारेने जोडून जमिनीशी जोडली जातात.

प्रथमोपचार

कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर झोपून लोळावे. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. त्यावर बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. इंधनाने भिजलेले कपडे आगीपासून दूर नेऊन उतरवावेत.

हे सुद्धा पहा

* अग्निशमन
* आपत्ती व्यवस्थापन
* वणवा