जुहुरीकडे येणाऱ्या वाचकासाठी

कॉकेशसच्या पूर्व अंगाला, दागेस्तानात आणि अझरबैजानात, डोंगरी ज्यूंची जुहुरी ही मायबोली. कुळाने इराणी, फारसीची नातलग. हिब्रू-अरबीतून आलेल्या शब्दांमधले घशातले जे उच्चार फारसीने सोडून दिले, ते जुहुरीने राखले. आज युनेस्को तिची गणना धोक्यातल्या भाषांत करते. बोलणारे बरेचसे इस्राएलात गेले आणि मुलांच्या तोंडी रशियन किंवा हिब्रू आली.

चाळीसगावच्या विद्यार्थ्याला जुहुरीच्या अभ्यासात मी आग्रहाने बोलावतो. घरात अहिराणी आणि शाळेत मराठी हे ज्याने लहानपणापासून अनुभवले, त्याला अशा भाषेचे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. भाषासर्वेक्षक ग्रियर्सनने खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या खंडात बसवले, पुढे अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. जुहुरीलाही सोव्हिएत काळात मुसलमान शेजाऱ्यांच्या ‘तात’ भाषेचे नाव चिकटवले गेले. लिपीचे हाल तर विचारू नका! हिब्रू अक्षरे जाऊन १९२९च्या सुमारास लॅटिन आली, १९३८मध्ये सिरिलिक. आजोबांचे लिखाण नातवाला परके झाले.

ज्यू भाषा म्हणजे नेमके काय, हा या क्षेत्रातला मूळ प्रश्न, आणि त्याचा सर्वांत जवळचा दाखला कोकणात आहे. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले, असे तिथले ज्यू, बेने इस्राएल, मानतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. त्यांनी मराठी देवनागरीतच लिहिली. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि बायबलमधल्या कथांवर चक्क कीर्तने रचली गेली. व्याकरण शेजाऱ्यांचेच, पण त्या मराठीतून शब्बाथ आणि सणवार पार पडत. माझ्या मते ज्यू भाषेची ओळख या वापरातच शोधावी. निव्वळ शब्दसंग्रह मोजून ती हाती लागत नाही.

हिब्रू अक्षरांत लिहिलेली फारसीही भारताला नवी नाही. कोल्लमच्या इ.स. ८४९च्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या अरबी आणि पहलवीबरोबर तिच्यातही आहेत.

नव्या अभ्यासकाने आधी थोडी फारसी शिकावी, मग सिरिलिक आणि हिब्रू अक्षरे. जुहुरीचे क्रियापद फारसीच्या आधाराने बरेच उलगडते. उच्चार मात्र कागदावरून शिकू नयेत. म्हाताऱ्या माणसांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, आणि जमेल तेव्हा त्याच पद्धतीने आपल्या गावातल्या आजीची अहिराणीही मुद्रित करून ठेवावी.