पूर येतोय का? फूट, क्युसेक आणि अलर्टचा अर्थ समजून घ्या

पावसाळा लागला की सांगली-कोल्हापूरकडच्या मोबाईलवर आकडे फिरू लागतात. 'आयर्विन ३८ फूट', 'कोयनेतून विसर्ग वाढवला', 'ऑरेंज अलर्ट'. नदीकाठची मोटार कधी काढायची, जनावरं कधी हलवायची, हे या आकड्यांवरूनच ठरवता येतं.

अलर्टचा रंग : हवामान विभाग जिल्ह्यानुसार रंग देतो. हिरवा म्हणजे काळजी नाही. यलो म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे लगेच हालचाल करा.

क्युसेक : धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं, ते क्युसेकमध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला की जवळपास १ टीएमसी पाणी नदीत येतं. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. त्यामुळे धरण किती भरलं, हे आधीपासून बघत राहावं.

फूट : ही नदीची पातळी.
- सांगली, आयर्विन पूल (कृष्णा) : इशारा ४० फूट, धोका ४५ फूट.
- कोल्हापूर, राजाराम बंधारा (पंचगंगा) : इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट.

२०१९ च्या महापुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

मुख्य गोष्ट अशी की, गावात ऊन पडलं म्हणून पूर टळला असं होत नाही. पाऊस घाटमाथ्यावर पडतो. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि मग सांगलीकडे येतं. म्हणून आधी धरणक्षेत्रातला पाऊस बघा, मग विसर्ग आणि शेवटी पातळी. पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगानं चढतेय, हे जास्त महत्त्वाचं. इशारा पातळीची वाट न बघता मोटार, पाईप, स्टार्टर वर काढून घ्यावेत.

माहिती कुठे मिळेल? अंदाजासाठी 'मौसम' आणि शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' हे ॲप आहेत. जवळपास वीज पडण्याचा धोका 'दामिनी' दाखवतं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवर तारीख-वेळ नसेल तर तो पुढे पाठवू नका. गेल्या वर्षीचा आकडाही पुन्हा फिरू शकतो.